सैल अंगाचं बाळ : पाच महिन्यांच्या एका मुलाची तपासणी

‘वय ५ महिने, मुलगा. हायपोटोनिया. जन्मावेळी गुदमरल्याचा इतिहास. फिजिओथेरपी सुरू करावी.’

बाळासोबत आलेल्या चिठ्ठीत एवढंच होतं. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून आई, वडील आणि आजी त्याला फोंड्याला माझ्याकडे घेऊन आले होते, तेही तपासायला नव्हे, व्यायाम शिकून घ्यायला. ओळख पटेल असे तपशील मी इथे बदलले आहेत.

चिठ्ठीत खोटं काही नव्हतं. बाळ खरोखरच सैल होतं. पण हायपोटोनिया, म्हणजे स्नायूंचा सैलपणा, एवढंच लिहिणं म्हणजे ताप लिहिण्यासारखं आहे. ताप आहे हे कळलं, आता तो मलेरियाचा की टायफॉइडचा हे कुणी बघायचं? मुलांच्या स्नायूंचा टोन, म्हणजे मुळातला ताण, कमी असतो तेव्हा कारण मेंदूत असेल, मज्जारज्जूत, नसेत, नस आणि स्नायू जिथे जुळतात तिथे, नाहीतर खुद्द स्नायूत. शिवाय थायरॉइडसारख्या ग्रंथीत किंवा आईच्या दुधातल्या बी-१२च्या कमतरतेतही असू शकतं. व्यायाम कुठलाही असो, आधी हे ठरवावं लागतं. या प्रकरणात ते कसं ठरलं, त्याची ही हकीकत. निदानाची किल्ली शेवटी स्नायूंत सापडलीच नाही.

घरच्यांनी सांगितलेलं

आजींनीच सुरुवात केली. “बाळ आमचं गरीब हो, डॉक्टर. रडत नाही, मागत नाही. ठेवलं तिथे पडून राहतं.” त्या हे कौतुकाने सांगत होत्या. घरात कौतुकाने सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत असं कधी कधी दुखणं दडलेलं असतं. पाच महिन्यांचं बाळ भुकेला उठत नाही, ओलं झालं तरी कुरकुरत नाही, हे ऐकलं की लिहून घ्यायचं.

“दूध कसं पितो?” असं आईला विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अंगावर कधी नीट प्यालाच नाही. काढून बोंडल्याने पाजते. एका वेळेला पाऊण तास लागतो, आणि उठवून पाजावं लागतं.” जन्मानंतर तो नवजात विभागात १६ दिवस होता. श्वासाची नळी कधी लागली नाही. दूध मात्र सगळे दिवस नाकातल्या नळीने. फिटचे झटके आलेले नाहीत.

गरोदरपणाबद्दल तिला सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. पहिलटकरीण, तुलना कशाशी करणार? तिच्या जावेला मात्र आठवत होतं की हे बाळ पोटात फार कमी हलायचं. सातव्या महिन्याच्या सोनोग्राफीत पोटातलं पाणी थोडं जास्त असल्याची नोंद होती. बाळ शेवटपर्यंत पायाळूच राहिलं, म्हणून ३८व्या आठवड्यात माहेरी, दोडामार्गाकडे, सिझेरियन झालं. वजन २.४ किलो. पायाळू म्हणून आजींना आनंद होता; उसण भरलेल्याला पायाळूने लाथ मारली की उसण जाते, असं मानलं जातं. आमच्या दृष्टीने पायाळूपणाचा अर्थ निराळा. पोटातल्या बाळाला डोकं खाली करून वळायला हातपाय मारावे लागतात. जे मारत नाही ते वळत नाही, आणि गिळत नाही तेव्हा पाणी साठतं. म्हणजे या बाळाची सैलाई जन्माच्या कितीतरी आधीची होती. तिघांपैकी कुणीही ती तशी सांगितली नव्हती. तुकडे जोडल्यावर ती दिसली.

इथेच चिठ्ठीतलं दुसरं वाक्य डळमळायला लागलं. डिस्चार्जच्या कागदावर अपगार गुण (जन्मल्याबरोबर बाळाचा श्वास, ठोके, रंग, हालचाल बघून दहापैकी दिलेले) पहिल्या मिनिटाला ६ आणि पाचव्या मिनिटाला ८ होते. पाचव्या मिनिटाला ८ गुण मिळवणारं, झटके न आलेलं, श्वासाला यंत्र न लागलेलं बाळ मेंदूला इजा होण्याइतकं गुदमरलं होतं असं म्हणायला आधार नाही. उलटा विचार करून बघावा: गुदमरलं म्हणून सैल झालं, की आधीपासून सैल होतं म्हणून जन्मल्यावर जोरात रडलं नाही? आपल्याकडे ‘जन्मताच रडलं नाही’ या तीन शब्दांवर मुलांची सगळी दुखणी टांगली जातात. एकदा का ते कागदावर चढलं की पुढचा प्रत्येक डॉक्टर तेच उतरवतो आणि शोध थांबतो.

गावात बाळाला मालीश करायला येणाऱ्या बाईंचं वाक्य आईने सहज सांगितलं: “ह्याच्या अंगाला धर नाही, हातातून निसटतो.” साऱ्या कागदपत्रांत मला यापेक्षा नेमकं वर्णन सापडलं नाही.

हात लावण्याआधी

कदंबच्या बसने उन्हातून आलेलं बाळ गाढ झोपलं होतं. झोपलेल्या बाळाचा टोन तपासून काही लिहू नये, पोट भरल्यावर लगेच नाही, आणि रडणाऱ्या बाळाचा तर नाहीच. झोपेत प्रत्येक बाळ सैल वाटतं, रडताना ताठ. त्यांना थांबवून ठेवलं आणि पुढच्या दुधाच्या वेळेआधी, तो स्वतःहून जागा झाल्यावर, सगळे कपडे काढून गादीवर उताणा ठेवला. पहिली काही मिनिटं त्याला कुणी हात लावायचा नाही असं घरच्यांना सांगितलं. आजींना हे विचित्र वाटलं.

दोन्ही मांड्या बाहेर वळून गादीला चिकटल्या होत्या, बेडकासारख्या. हात डोक्याच्या दोन्ही बाजूंना, तळवे वर. नुसती ही ठेवण बघून टोन कमी असल्याचं कळतं, पण कशामुळे ते कळत नाही. म्हणून छातीकडे बघितलं. श्वास घेताना पोट फुगतं आणि छाती आत जाते का? स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, म्हणजे एसएमए, या आजाराच्या तीव्र प्रकारात बरगड्यांमधले स्नायू दुबळे असतात, श्वासपटल मात्र काम करत राहतं. मग छाती घंटेच्या आकाराची होते आणि श्वास उलटा दिसतो. इथे तसं नव्हतं. तोंड उघडं असताना जीभ बघितली. जीभ शांतपणे तोंडात पडलेली असतानाच बघायची, बाहेर काढलेली किंवा रडताना थरथरणारी नव्हे. तिच्यावर किड्यांसारखी वळवळ दिसली तर एसएमएची शंका पक्की होते. वळवळ नव्हती.

चेहरा मात्र बोलत नव्हता. एसएमएच्या बाळाचं शरीर पडलेलं असतं आणि डोळे चमकत असतात, माणसं ओळखून ते हसतं. हे बाळ खुळखुळ्याकडे बघायचं, पण सावकाश. हसू साडेतीन महिन्यांनी आलं होतं, तेही थोडं. मेंदूकडे बोट दाखवणारी ही पहिली खूण.

मग तळव्याला गुदगुली केली. त्याने पाय उचलला. गुडघा दुमडून पाय गादीपासून वर घेतला, क्षणभर धरला आणि सोडला. दुसऱ्या पायानेही तेच. डोळ्यांसमोर खुळखुळा धरला तेव्हा थोड्या वेळाने हात खांद्यापासून वर आला. या संपूर्ण तपासणीत मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच. टोन म्हणजे बाळ काही करत नसताना त्याचा सांधा हलवला तर हाताला जाणवणारा प्रतिकार. ताकद म्हणजे बाळ स्वतःहून किती जोर लावतं ते. स्नायू किंवा नस दुबळी असेल तर टोनही कमी होतो आणि ताकदही. मेंदूमुळे सैल झालेल्या बाळाचा टोन फार कमी असतो, पण चेतवलं तर ते गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हातपाय उचलतं. पाच महिन्यांच्या मुलाला ‘माझा हात ढकल’ असं सांगता येत नाही, त्यामुळे ताकद बघायची ती अशीच, वाट पाहून. घाईच्या ओपीडीत नेमकी हीच पायरी गळते.

हात लावल्यावर

दोन्ही हात धरून हळूहळू बसतं केलं. मान पूर्ण मागे लोंबत आली आणि बसल्यावर पुढे छातीवर पडली. या वयात मान धडासोबत यायला हवी. नुसत्या मानेकडे न बघता कोपरांकडेही बघितलं: निरोगी बाळ ओढताना कोपर दुमडून आपणही ओढतं. याचे हात सरळच राहिले.

काखेत धरून उभं उचललं तर खांदे कानांपर्यंत वर गेले आणि बाळ माझ्या हातांतून खाली सरकायला लागलं; मालीशवाल्या बाई म्हणाल्या होत्या तेच. पोटाखाली तळवा देऊन पालथं उचललं तर डोकं, हात, पाय सगळं खाली लोंबलं. मात्र दोन-तीनदा मान किंचित वर करायचा प्रयत्न त्याने केला.

त्यानंतर कोन मोजले. डोकं मध्यावर धरून, कारण या वयात मान एका बाजूला वळली की त्या बाजूचा आणि विरुद्ध बाजूचा टोन वेगळा लागू शकतो. मांडी पोटाशी दुमडून गुडघा उलगडला तर मागचा कोन दोन्हीकडे १६० अंश. फ्रेंच नवजाततज्ज्ञ अमिएल-तिसों यांच्या पद्धतीनुसार ४ ते ६ महिन्यांत तो ९० ते १२० असतो. १६० अंश वर्षाच्या आसपास दिसतो. मांड्या फाकवल्यावरचा कोन १४०, अपेक्षा ७० ते ११०ची. हात गळ्याभोवती पलीकडे नेला तर कोपर छातीची मध्यरेषा ओलांडून पार पलीकडच्या काखेपर्यंत गेलं. कोन मोजायचे ते पुढच्या भेटीत त्याच बाळाशी तुलना करता यावी म्हणून. एकट्या कोनावर निदान करू नये. सांधे जात्याच लवचीक असलेल्या घराण्यातल्या मुलांचे कोनही मोठे येतात, म्हणून आई-वडिलांचे अंगठे मनगटाला टेकतात का तेही बघितलं. टेकत नव्हते.

गुडघ्याखाली टिचकी मारली की पाय उडतो, तो गुडघ्याचा झटका यायला वेळ लागला, पण आला. दोन्हीकडे, मंद. माझ्या मते छोट्या बाळांमध्ये हातोडीपेक्षा बोटाच्या टोकाने चांगला येतो. तो अजिबात आला नसता तर सगळी दिशा नसेकडे वळली असती. जोरात आला असता, मुठी वळलेल्या असत्या, उचलल्यावर पाय कात्रीसारखे एकमेकांवर गेले असते, तर गुदमरण्याचा दावा पुन्हा तपासावा लागला असता. मेंदूला इजा झालेली पुष्कळ बाळं आधी सैल असतात आणि याच वयाच्या सुमारास ताठरायला लागतात. या बाळाच्या मुठी उघड्या होत्या. डोक्याचा घेर ४१.२ सेंमी, वयाच्या मानाने थोडा कमी पण मर्यादेत. वजन मात्र ५.३ किलो, जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात अगदी तळाच्या रेषेवर.

मग मी आईला म्हणाले, “ताई, माझी दोन बोटं घट्ट धरा आणि पटकन सोडा.” तिने धरली, सोडली. डोळे गच्च मिटायला सांगितले, तेही केलं. आजींनी विचारलंच, “आजारी बाळ आहे की आमची सून?” मायोटोनिक डिस्ट्रॉफी नावाचा एक आजार आहे. त्यात मूठ आवळली की चटकन उघडत नाही. आईला तो इतका सौम्य असू शकतो की तिला पत्ताही नसतो, आणि बाळ जन्मतः पार लुळं. आईची मूठ बघायला पैसा लागत नाही. ती सहज उघडली. एक कारण यादीतून गेलं.

लंगोट सोडल्यावर

इथपर्यंत एवढं समजलं होतं: टोन खूप कमी, ताकद त्यामानाने बरी, गुडघ्याचे झटके मंद पण शाबूत, जागरूकता कमी, सुरुवात गर्भातच, आणि दूध ओढण्याची अडचण हातापायांच्या ताकदीशी न जुळणारी. दोष मेंदूच्या बाजूला. पण मेंदूचा दोष म्हणजे काय? मेंदूचा एमआरआय घरच्यांनी आधीच करून आणला होता, नॉर्मल. पुष्कळ ठिकाणी तपासणी इथे थांबते आणि ‘होईल सावकाश’ म्हणून बाळ घरी जातं.

लंगोट सोडला तेव्हा वृषणकोश लहान आणि रिकामा दिसला. दोन्ही बाजूंना जांघेत चाचपलं, वृषण हाताला लागले नाहीत. पाच महिन्यांत ही गोष्ट कुठल्याही कागदावर आलेली नव्हती. घरच्यांनाही ती सांगण्यासारखी वाटली नव्हती.

मग बाळाकडे पुन्हा वरून खालपर्यंत बघितलं. कपाळ कानशिलांपाशी अरुंद. डोळे बदामी. वरचा ओठ पातळ, तोंडाचे कोपरे खाली. तळहात छोटे. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर कुणालाही असू शकते, आणि आई-वडिलांकडे न बघता चेहरा वाचणं धोक्याचं. म्हणून त्यांच्याकडे बघितलं आणि फरक जाणवला तो वेगळाच: दोघेही सावळे, केस काळेभोर. बाळ गोरं, केस पिंगट. मी विचारायच्या आत आजी म्हणाल्या, “आमच्यात एवढा गोरा कुणी नाही. सुनेला नऊ महिने केशर घालून दूध दिलं.”

त्या केशराला मी काही बोलले नाही. पण सैल अंग, जन्मापासून दूध न ओढणं, न उतरलेले वृषण आणि आई-बापांपेक्षा उजळ रंग हे चार एकत्र आले की प्राडर-विली सिंड्रोमचं नाव पुढे येतं. आन्द्रेआ प्राडर, अॅलेक्सिस लाभार्ट आणि हाइनरिश विली यांनी १९५६ मध्ये झुरिकहून त्याचं वर्णन केलं. साधारण १०,००० ते ३०,००० जन्मांमागे एका बाळाला तो असतो. पंधराव्या गुणसूत्राचा एक छोटा भाग वडिलांच्या बाजूने हरवलेला किंवा बंद असतो. त्याच भागाजवळ त्वचेच्या रंगद्रव्याशी संबंधित एक जनुक आहे. तुकडाच गळाला असेल तर तेही सोबत जातं, म्हणून गोरेपणा.

कोणती तपासणी आधी

हल्ली सैल बाळ दिसलं की थेट होल एक्झोम, म्हणजे जवळपास सगळी जनुकं वाचणारी तपासणी, पाठवायची सवय लागली आहे. महाग तपासणी म्हणजे चांगली तपासणी, असं घरच्यांनाही वाटतं. इथे ती पहिली तपासणी म्हणून चुकीची ठरली असती. एक्झोम जनुकांमधली अक्षरं वाचतो. एखादा भाग रासायनिक खुणेने बंद केलेला आहे का, हे तो वाचत नाही. सुमारे पाव रुग्णांमध्ये काहीच गळालेलं नसतं, पंधराव्या गुणसूत्राच्या दोन्ही प्रती आईकडून आलेल्या असतात. अशा वेळी एक्झोमचा अहवाल ‘काही आढळलं नाही’ असा येऊ शकतो आणि खरं निदान त्या कागदाखाली गाडलं जातं. साध्या कॅरियोटाइपला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं बघण्याला, छोटा तुकडा दिसत नाही, आणि फिश तपासणीला फक्त गळालेला तुकडा सापडतो. त्या रासायनिक खुणाच बघणारी मेथिलेशन तपासणी मात्र ९९ टक्क्यांहून अधिक रुग्ण पकडते, कारण कोणतंही असो.

त्याआधी आणि सोबत काही साध्या गोष्टी. थायरॉइड, कारण जन्मावेळच्या टाचेच्या रक्ताचा अहवाल फायलीत नव्हता आणि जन्मजात थायरॉइडची कमतरता उशिरा सापडणं परवडत नाही. सीपीके (स्नायूंची झीज दाखवणारी रक्ततपासणी), कॅल्शियम, साखर. बी-१२ची शंका फारशी नव्हती, घर मासळी खाणारं होतं. पण शुद्ध शाकाहारी आईचं, फक्त तिच्याच दुधावर वाढणारं, आठ-दहा महिन्यांचं, पूर्वी बसणारं आणि आता मलूल झालेलं बाळ असतं तर मी बी-१२ पासूनच सुरुवात केली असती. एसएमएची तपासणी मी मागे ठेवली, कारण गुडघ्याचे झटके येत होते आणि जीभ शांत होती. त्या झटक्यांबद्दल थोडीही शंका असती तर एकाच सुईत दोन्ही नमुने पाठवले असते. एसएमएला आता औषधं आहेत आणि त्यात प्रत्येक आठवडा मोलाचा असतो.

थायरॉइड, सीपीके, बाकी सगळं ठीक आलं. मेथिलेशनचा अहवाल काही आठवड्यांनी आला: वडिलांकडचा भाग गळालेला. निदान पक्कं.

घरच्यांना सांगणं

तिघांनाही एकत्र बोलावलं. एकट्या आईला सांगितलं तर घरी जाऊन तिलाच सगळ्यांना उत्तरं द्यावी लागतात, आणि सासरी ती उत्तरं कशी ऐकली जातील सांगता येत नाही. झालंही तसंच. आजींचा पहिला प्रश्न, “म्हणजे हे सुनेच्या घराण्यातलं?”

“नाही आजी. कुणाच्याच घराण्यातलं नाही.” आपल्याला प्रत्येक गुणसूत्र जोडीने मिळतं, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. पंधराव्या गुणसूत्राचा हा भाग आईकडच्या प्रतीत सगळ्याच माणसांमध्ये बंद असतो, माझ्यातही, तुमच्यातही. काम वडिलांकडची प्रत करते. या बाळात ती तेवढ्यापुरती तुटली आहे. आता वडिलांचा चेहरा उतरला. त्यांना सांगितलं की ही तुटण्याची घटना बीज तयार होताना योगायोगाने घडते, त्यांच्या स्वतःच्या शरीरात ती नसते, त्यांनी काही खाल्ल्या-प्यायल्याने किंवा केल्याने झालेली नाही. तुकडा असा गळालेला असताना पुढच्या बाळाला हाच आजार होण्याची शक्यता १ टक्क्याहूनही कमी. तरी पुढच्या खेपेला गरोदरपणात तपासता येतं. एका विरळ प्रकारात ही शक्यता निम्म्यापर्यंत जाते, म्हणूनच प्रकार कोणता हे कळेपर्यंत मी आकडा तोंडातून काढला नव्हता.

भुकेबद्दल पहिल्याच दिवशी बोलावं का, यावर सहकाऱ्यांचं एकमत नसतं. समोर बाळ दूध पीत नाही, आणि आपण सांगायचं की मोठेपणी याला पोट भरल्याची जाणीव होणार नाही, हा खाणं शोधत फिरेल? तरी मी सांगितलं. वाळपईची, म्हणजे त्यांच्या तालुक्याच्या ठिकाणाची, बस सुटायच्या आत वडील मोबाईलवर ते नाव शोधणार होते. तिथे दिसणारे फोटो बहुतेक उशिरा निदान झालेल्या माणसांचे असतात; याचं निदान काही महिन्यांचा असतानाच झालं आहे, हे त्यांनी माझ्याकडून आधी ऐकलेलं बरं.

आई फक्त एवढंच म्हणाली, “म्हणजे मला पाजायला जमत नव्हतं असं नाही.” पाच महिने तिला घरात जे ऐकावं लागलं असेल ते या वाक्यात होतं. आजी मान खाली घालून बसल्या होत्या.

पुढचं काम

सुरुवात दुधापासून. चुळबुळ सुरू झाली की लगेच, पूर्ण जाग यायची वाट न बघता, मान आणि हनुवटीला आधार देऊन, अर्धवट बसवून पाजायचं. एका वेळेला अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही, नाहीतर मिळालेल्या ताकदीपेक्षा खर्च जास्त होतो. आवश्यक वाटलं तर पुन्हा नळी. नळी ही हार मानू नये. सहा महिन्यांनी उष्टावण झालं, त्यानंतर नाचणीचं तिजण आणि पेज सुरू झाली. या टप्प्यावर वजन वाढवायचं असतं. एक-दोन वर्षांनी मात्र दिशा उलटते: आधी खाणं तेवढंच असून वजन चढतं, भूक त्यानंतर येते. आजींचं गणित सोपं होतं, एकदा अंगावर मांस चढलं की सैलपणा जाईल. या मुलांत चढते ती बहुतांशी चरबी असते, स्नायू कमीच राहतात. त्यामुळे दुसऱ्या वर्षापासून नेवऱ्या आणि लाडू घरात कुठे ठेवायचे, हे आताच ठरवायला हवं. दुसऱ्या टोकाला जाऊन वर्षाच्या आत तूप-तेल तोडायचं नाही, मेंदू वाढतो आहे.

मालीश बंद करायला सांगितली नाही. मालीशवाल्या बाईंनाच एका भेटीला सोबत बोलावलं. तेल चालेल, हलकं चोळणं चालेल; एक हात आणि विरुद्ध पाय ओढून एकमेकांना लावायचे, पाय धरून उलटं करायचं, हात धरून उचलायचं, हे बंद. सैल सांध्याला मर्यादा सांगणारा स्नायू नसतो. खुब्याची तर विशेष काळजी, पायाळू बाळांत आणि या आजारात खुबा उथळ असण्याची शक्यता जास्त. सोनोग्राफी केली, खुबे जागेवर होते. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि “पण मी आधीच सांगितलेलं,” एवढंच म्हणाल्या.

फिजिओथेरपी चिठ्ठीत होतीच, ती आता नेमकी झाली. उताणं पडलेलं असताना मांड्यांच्या बाहेरून कपड्याची वळकटी, म्हणजे पाय बेडकासारखे पडणार नाहीत. जागेपणी दिवसातून अनेकदा, थोडा थोडा वेळ पोटावर, छातीखाली दुमडलेली चादर. कुशीवर ठेवून दोन्ही हात समोर आणणं. उश्यांमध्ये कोंबून तासन्‌तास बसवायचं नाही, वॉकर नाही. जागा असेल तेव्हा बोलायचं, गाणी म्हणायची. हे बाळ मागत नाही म्हणून त्याला कमी मिळतं, हा धोका मला व्यायामाइतकाच मोठा वाटतो.

दर भेटीला वाळपईहून फोंडा झेपणारं नव्हतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे थेरपीची नोंद करून दिली. हॉर्मोनतज्ज्ञ आणि बालशल्यविशारद यांच्यासाठी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची चिठ्ठी. वृषण खाली आणण्याची शस्त्रक्रिया वर्ष-दीड वर्षाच्या आत व्हावी, भूलतज्ज्ञाला आजाराचं नाव आधी सांगावं. वाढीच्या हॉर्मोनची इंजेक्शनं फक्त उंचीसाठी असतात असा समज आहे. या आजारात ती स्नायू वाढवतात, चरबी कमी करतात आणि बाळ लवकर उठून बसायला मदत होते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००० मध्ये या आजारासाठी त्यांना मान्यता दिली. ती सुरू करण्याआधी झोपेतला श्वास तपासावा लागतो, सुरू केल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा.

घरी लावायच्या कागदावर एक गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहून दिली: या मुलाला गंभीर आजारातही ताप येईलच असं नाही, उलटी होईलच असं नाही. नेहमीपेक्षा मलूल वाटलं तर थर्मामीटरवर विसंबून राहू नका, घेऊन या.

आठव्या महिन्यात मान सावरली. पालथं ठेवलं की कोपरांवर छाती उचलायला लागला. गुडघ्यामागचा कोन १६०वरच होता, पण आता त्या वयाच्या मर्यादेत बसत होता, आणि तोच आकडा आधी ज्यांनी काळजीने ऐकला होता त्या वडिलांना हे समजावताना मला कागदावर तक्ता काढून दाखवावा लागला. अकराव्या महिन्यात झोपेची तपासणी होऊन इंजेक्शनं सुरू झाली, ती रोज रात्री आई देते. तेराव्या महिन्यात तो हात न टेकता बसला. या आजारात बसणं सरासरी वर्षाच्या आसपास आणि चालणं दोन वर्षांच्या आसपास येतं, त्या मानाने वेळेत. वजन आता तळाच्या रेषेवरून वर आलं आहे. ते दर पंधरा दिवसांनी अंगणवाडीच्या काट्यावर घेऊन वहीत मांडायचं काम आजींनी मागून घेतलं. दुसरी झोपेची तपासणी आणि पाठीच्या कण्याचा एक्स-रे व्हायचा आहे; बसायला लागल्यावर कणा वाकतो का ते बघायचं आहे.